कुंडीतील कोरफड

उन्हाळ्यात कुंडीतील मोगऱ्याला दोन दिवस पाणी मिळाले नाही, तर तो मान टाकतो. शेजारची कोरफड मात्र आठ-दहा दिवस पाण्यावाचून टवटवीत राहते. याचे रहस्य तिच्या जाड, मांसल पानांत आहे. पान चिरले, की आत पारदर्शक, बुळबुळीत गर दिसतो. हाच तिचा पाण्याचा साठा होय. बहुतेक वनस्पतींच्या पानांवरील सूक्ष्म रंध्रे दिवसा उघडतात. कोरफडीची रंध्रे मात्र हवा थंड झाल्यावर, रात्री उघडतात. त्यामुळे तिच्यातील पाण्याची वाफ फार थोडी होते.

अशी ही काटक वनस्पती घरात पुष्कळदा मरते, ती तहानेने नव्हे, तर अतिपाण्याने! मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते. ती मातीच्या कणांमधील पोकळ्यांत असते. रोज पाणी घातल्यास या पोकळ्या पाण्याने भरतात. मुळे गुदमरतात व कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. पाने मऊ व पिवळी पडतात. झाड तहानले आहे, असे समजून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड दगावते.

म्हणून पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहावे. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली, तरच तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत पाणी घालावे. खालच्या ताटलीत साठलेले पाणी ओतून टाकावे. पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी. झाडाची गरज ओळखून पाणी देणे, हीच त्याची खरी निगा होय.