प्रवरेच्या उगमाशी राहणे, पैसा घालणे आणि जाणे-येणे

कोल्हारच्या पुलावरून जाणारा माणूस प्रवरेकडे पाहतो खरा, पण हे पाणी येते कोठून, याचा विचार सहसा करीत नाही. येथून वर शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, रतनगडाच्या डोंगरात ही नदी उगम पावते. त्या डोंगराच्या पायथ्याशी रतनवाडी हे गाव आहे, अमृतेश्वराचे जुने कोरीव मंदिर आहे, आणि पुढे भंडारदऱ्याचा जलाशय पसरला आहे. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली ते धरण पुरे झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन्ही कालव्यांत वळले आणि आपल्या भागात ऊस उभा राहिला. पुढे १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले, तेही त्याच पाण्याच्या जोरावर. वरच्या खोऱ्यातली भातखाचरे मात्र पाण्याखाली गेली. आजच्या विषयाकडे वळण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात ठेवणे बरे.

विषय असा की, अलीकडे खालच्या माणसाला वरच्या गावाची ओढ लागली आहे. सेवानिवृत्त कामगार हातात ग्रॅच्युइटीचा धनादेश घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, 'साहेब, भंडारदऱ्याच्या अंगाला दोन-चार गुंठे घ्यावे म्हणतो. घर बांधू, दोन खोल्या पाहुण्यांना देऊ, कसे?' प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. तेथे जाता येते का, तेथे राहता येते का, आणि तेथे पैसा घालता येतो का? पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे 'जमेल त्याला' आणि तिसऱ्याचे बहुतेक नाही.

जाण्याचे आधी सांगतो. कोल्हारहून संगमनेर, तेथून अकोले, राजूर आणि मग भंडारदरा, अशी वाट आहे. एस.टी.ने जाणाराने गाडी बदलण्याची तयारी ठेवावी. राजूरच्या पुढे गाड्या कमी. कळसूबाई, १६४६ मीटरांचे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, बारी गावातून चढतात. साम्रदजवळची सांदण दरी पावसाळ्यात जीवघेणी असते. पाण्याचा लोंढा आला की पळायला जागा नाही. मेअखेर पावसाच्या तोंडाशी हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखतात, आणि ते पाहायला इतक्या गाड्या लोटतात की, त्यांच्या दिव्यांपुढे काजवेच दिसेनासे होतात! हा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तेव्हा वन खात्याचे नियम पाळणे भागच आहे.

राहण्याचे म्हणाल, तर पावसाने सगळे ठरते. आपल्याकडे वर्षाला चार-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला की आपण बरे म्हणतो. तिकडे घाटघरला एखाद्या वर्षी पाच हजारांच्या वर पडतो. जून ते सप्टेंबर अंथरूण ओले, सरपण ओले. मोठे दुखणे आले तर राजूर, अकोले, नाही तर थेट संगमनेर गाठायचे. महादेव कोळी आणि ठाकर हे तेथले मूळ रहिवासी. राब भाजून भाताची रोपे करायची, आवणी करायची, वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी पेरायची, झाडाखालचा बाळहिरडा गोळा करून विकायचा, असा त्यांचा वर्षाचा क्रम. काळभात, जिरवेल, रायभोग अशी भाताची जुनी वाणे त्या लोकांनीच सांभाळली. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाण्यांच्या याच कामासाठी पद्मश्री मिळाली. आणि तरीही भात काढून झाला की, कित्येक कुटुंबे नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहतात. एवढ्या पाण्याच्या उशाशी बसलेला माणूस मजुरीला खाली का उतरतो, हे ज्याला उमगले नाही त्याने तेथे घर बांधण्याच्या गोष्टी करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता पैशाचा प्रश्न. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्यात १९७४ साली कलम ३६ अ घातले गेले. त्याचा अर्थ असा : आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकत, बक्षीस, गहाण वा भाडेपट्ट्याने घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण एवढेच जिल्हाधिकारी स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकतात. विक्रीसाठी राज्य सरकारची मान्यता लागते. शिवाय कूळकायद्याचे कलम ६३ आहे : जो शेतकरी नाही त्याला शेतजमीनच घेता येत नाही. ही बंधने कोणाच्या लहरीने आलेली नाहीत. सावकाराने कर्जापोटी डोंगरची खाचरे गिळली, हा या मुलखाचा जुना इतिहास आहे. त्याविरुद्ध उठलेल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

पण कायदा आहे तेथे पळवाट शोधणारा दलालही आहे. तो सांगतो, 'सातबारा स्थानिक माणसाच्या नावावर राहू द्या, आपण नोटरीचा करारनामा करू.' एका निवृत्त कामगाराने असा कागद आमच्यापुढे ठेवला होता. शिक्के भरपूर, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याचे नाव नाही, फेरफार नाही, परवानगीचा तर पत्ताच नाही. नोटरीचा शिक्का कागदावर सही कोणाची एवढेच सांगतो. जमिनीचा हक्क देत नाही. व्यवहार बेकायदा ठरला की जमीन मूळ खातेदाराकडे किंवा सरकारकडे जाते, आणि बांधलेल्या घराचे पैसे मागायला दार उरत नाही.

मौज अशी की, हाच खेळ पार इंडोनेशियातही चालतो. तेथल्या १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. म्हणून बालीत कित्येक परदेशी लोक स्थानिकाच्या नावावर घेतात आणि पुढे कज्ज्यात हात पोळून घेतात. पण त्याच देशात फ्लोरेस बेटावर वाए रेबो नावाचे डोंगरगाव आहे. गाडी तेथे पोचत नाही, पायी चढावे लागते. शंकूसारखी सात उंच गवताची घरे. ती मोडकळीस आली तेव्हा गावाने जुन्या रीतीने पुन्हा उभी केली, आणि २०१२ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. पाहुणा त्याच घरात चटईवर निजतो, गावचे अन्न खातो, आणि त्याचा पैसा गावातच राहतो. जमीन कोणी विकत घेतलेली नाही.

आपल्याकडे उलटे दिसते. जलाशयाकाठी तंबू लावणारा मालक पुष्कळदा शहरातला. भाकऱ्या भाजणारी बाई आणि रात्रभर राखण करणारा पोऱ्या गावचा. त्यांना किमान वेतन लागू आहे, हजेरीपत्रक ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, पण हंगाम दोन महिन्यांचा म्हणून कोणी विचारीत नाही. आम्ही विचारतो, म्हणून आमच्यावर रागही पुष्कळ.

तेव्हा ज्याला जायचे आहे त्याने गावातल्याच घरी उतरावे, दर आधी विचारून घ्यावा आणि पैसे त्या घरच्या बाईच्या हातात द्यावेत. वाटाड्या गावचा घ्यावा. आवणीच्या दिवसांत उतरायचे असेल तर आधी विचारावे, कारण तेव्हा सारे घर चिखलात असते आणि चुलीपाशी म्हातारीखेरीज कोणी सापडत नाही. परतताना भात आणायचा झाल्यास काळभात मागावा. तो राजूरच्या बाजारापेक्षा खाचराच्या धन्याकडे चांगला मिळतो, आणि घासाघीस करू नये.