पोरगं मुद्दाम करत नाही : मुलांमधल्या ‘टिक्स’विषयी

दुसरी-तिसरीतलं पोरगं सारखे डोळे मिचकावतं, खांदा उडवतं, नाहीतर घसा खाकरतं. मग आपण काय करतो? आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग घशाचे. आजी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकते. तपासण्या नॉर्मल आल्या की निकाल ठरलेला : ‘मुद्दाम करतंय!’

याला टिक म्हणतात. शिंक येण्याआधी नाकात जसं हुळहुळतं, तशी आधी आतून ऊर्मी येते आणि ती हालचाल केली की बरं वाटतं. मूल ती थोडा वेळ दाबू शकतं. म्हणूनच शाळेत कमी दिसते आणि घरी आल्यावर वाढते. नाटक करतंय असं वाटतं ते यामुळेच.

शाळकरी वयात साधारण पाचातल्या एका मुलाला कधीतरी टिक होऊन जाते. बहुतेकांची काही महिन्यांत जाते. हालचाली आणि आवाज दोन्ही प्रकारच्या टिक्स असतील आणि त्रास वर्षाहून जास्त चालला, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. फ्रान्सच्या जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये अशा ९ रुग्णांचं वर्णन केलं होतं. हा विकार फार तर शंभरात एखाद्याला होतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तीन-चारपट जास्त. सुरुवात पाच-सहाव्या वर्षी, जोर १० ते १२ व्या वर्षी. पुढे बहुतेकांत तो ओसरतो.

आता मुद्द्याचं. टूरेट असलेल्या बहुतेक मुलांना सोबत आणखी काहीतरी असतं. कुणाला एडीएचडी, म्हणजे एका जागी बसवत नाही, लक्ष टिकत नाही. कुणाला ओसीडी, म्हणजे दप्तर दहादा तपासायचं, हात पुन्हापुन्हा धुवायचे. कुणाला चिंता. पुष्कळदा टिकपेक्षा यांचाच त्रास मोठा असतो, आणि आपण मात्र डोळ्यांकडेच बघत बसतो.

म्हणून टिकवर सारखं टोकू नका; ताणानं ती वाढते. त्यापेक्षा विचारा : झोप लागते का? शाळेत कुणी चिडवतं का? मनात नको ते विचार येतात का? वर्गशिक्षकांना नीट समजावून सांगा. टिकचा त्रासच होत असेल, तर ऊर्मी ओळखून तिच्याजागी दुसरी हालचाल करायला शिकवणारी थेरपी आहे. गरज पडली तर औषधंही आहेत. आपल्या सीपीआरमध्ये मानसोपचार विभागात दाखवता येतं, आणि टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही मोफत बोलता येतं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा : ‘डोळे नीट ठेव’ हे वाक्य आठवडाभर बंद.