'शुल्तहाइस' : एका अधिकारनामाचे आडनावांतील अवशेष

एखादे अधिकारपद लोपले की त्याचे नाव व्यवहारातून जाते. आडनावांत मात्र ते टिकून राहते, आणि त्याबरोबर त्याचे प्रादेशिक उच्चारभेदही टिकतात. जर्मन भाषेतील 'शुल्तहाइस' हा शब्द या दृष्टीने विचारार्ह आहे.

हा शब्द सामासिक आहे. त्याचे पूर्वपद प्राचीन उच्च जर्मन 'स्कुल्द'. आधुनिक जर्मनमध्ये या शब्दास 'कर्ज' व 'अपराध' असे दोन्ही अर्थ आहेत. मूळ अर्थ 'जे देणे वा करणे बंधनकारक आहे ते'. संस्कृत 'ऋण' शब्दाची अर्थव्याप्ती येथे ताडून पाहावी. उत्तरपद 'हाइसन', म्हणजे आज्ञा करणे, या धातूपासून आले आहे. अर्थात, बंधनकारक ते पार पाडण्याची आज्ञा करणारा तो शुल्तहाइस. लाँगोबार्ड राजा रोथारी याच्या इ. स. 643 च्या लॅटिन विधिसंहितेतही हे अधिकारनाम आढळते. मध्ययुगात हा अधिकारी धन्याच्या वतीने देणी वसूल करी आणि स्थानिक न्यायसभा चालवी.

पुढे उत्तरपदावरील आघात क्षीण होऊन शब्द आखूड झाला. 'शुल्त्स' या रूपातील 'त्स' म्हणजे पूर्वपदाचा 'त' आणि 'हाइस'मधील उरलेला 'स' यांचा संयोग होय. निम्न जर्मनमध्ये दुसरे वर्णपरिवर्तन झाले नाही. तेथे उत्तरपद 'हेते' असे होते, म्हणून वेस्टफेलियात 'शुल्ते' हे रूप सिद्ध झाले. सायलेशियात उकाराचा ओकार होऊन 'शोल्त्स' झाले. पोलिश भाषेने हाच शब्द 'सोऊतिस' असा स्वीकारला. तेथे निर्वाचित ग्रामप्रमुखास आजही तेच नाव आहे. जर्मनीत मात्र वुर्टेंबर्गमध्ये 1930 पर्यंत चाललेले हे पदनाम आता इतिहासजमा झाले आहे.

मानवतावादी काळात काही कुटुंबांनी आपल्या आडनावाचे लॅटिनीकरण केले. संगीतकार मिखाएल प्रेटोरिउस (मृत्यू 1621) यांचे आडनाव मूळचे शुल्त्स. 'प्रेटोर' या रोमन न्यायाधिकाऱ्याच्या पदनामावरून ते बनविले गेले. येथे ध्वनीचा धागा तुटला, अर्थाचा तेवढा राहिला.

मात्र आडनावावरून पूर्वजांचा अधिकार सिद्ध होतो असे मानणे धोक्याचे आहे. वेस्टफेलियात 'शुल्ते' ही संज्ञा धन्याच्या मुख्य शेतवाडीचा कारभार पाहणाऱ्यासही लागू होती, आणि वाडीचे नाव तेथे राहावयास आलेल्या कुटुंबासही चिकटे. सारांश, आडनाव हा शब्दाच्या इतिहासाचा विश्वसनीय पुरावा आहे. कुळाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून त्यास स्वतंत्र कागदपत्रांचा आधार हवा.