भुकेल्याला घास, पण बेताने

खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश ही तीन नावे आपण सर्वांनी वाचलेली असतात. त्यांतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पिकाला कशासाठी लागतो हे आपण वर्गात सांगतो. माणसाच्या रक्तात तो कमी पडला तर काय होते, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते. सुरुवात एका चमत्कारिक प्रश्नाने करू. बरेच दिवस उपाशी असलेला माणूस जेवू लागल्यावर का दगावतो?

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बेर्गन-बेल्सन ही छळछावणी मुक्त केली. तिथे सुमारे ६० हजार कैदी होते, बरेचसे हाडांचे सापळे झालेले. सैनिकांनी दयेपोटी आपल्याजवळचे डबाबंद मांस वाटले. सुटकेनंतरच्या आठवड्यांत १३ हजारांहून अधिक कैदी मरण पावले. टायफस आणि क्षय यांनी अनेकांचा बळी घेतला हे खरे, पण काहींना ते अचानक मिळालेले जड अन्नच सोसले नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले साखर, दूध पावडर व पीठ यांचे पातळ मिश्रणही तिथे देऊन पाहिले गेले.

हे असे का होते? त्यासाठी आधी शरीरातल्या फॉस्फरसचा हिशेब मांडू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला ८५ टक्के हाडांत व दातांत, जवळजवळ उरलेला सगळा पेशींच्या आत. रक्तात तो फॉस्फेटच्या रूपात असतो. १०० मिलिलिटर रक्तद्रवात २.५ ते ४.५ मिलिग्रॅम. एकूण रक्तद्रव ३ लिटर धरला तर गुणाकार करून पाहा : जेमतेम १०० मिलिग्रॅम! हाडे ही मुदतठेव, तर रक्तातले फॉस्फेट ही खिशातली मोड. ठेव कितीही मोठी असली तरी ती तासाभरात मोडता येत नाही.

उपासमारीत शरीर साठवलेली चरबी आणि स्नायूंतली प्रथिने जाळून तगते. पेशी झिजतात, त्यांच्यातले फॉस्फेटही घटत जाते. पण रक्तातले प्रमाण मात्र नेहमीएवढेच राहू शकते. तपासणीचा कागद पाहून डॉक्टर फसू शकतात, ते यामुळेच.

आता या माणसाला भरपूर भात, साखर किंवा शिरेतून ग्लुकोज दिले, की इन्शुलिन वाढते आणि ग्लुकोज पेशींत शिरते. पेशीत ग्लुकोज वापरण्याची पहिली पायरी म्हणजे त्याला फॉस्फेट जोडणे. शिवाय पेशीचे ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीच्या प्रत्येक रेणूत तीन फॉस्फेट गट असतात. सगळ्या भुकेल्या पेशी एकदमच फॉस्फेट ओढू लागतात आणि खिसा रिकामा होतो. हे बहुधा अन्न सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत घडते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही त्याच वाटेने कमी होतात.

रक्तातले प्रमाण १ मिलिग्रॅमच्या खाली गेले तर परिस्थिती गंभीर होते. एटीपीअभावी स्नायू थकतात. श्वासपटलही स्नायूच असल्याने श्वास अपुरा पडतो. हृदय नीट आकुंचन पावत नाही. तांबड्या पेशींतला एक फॉस्फेटयुक्त पदार्थ हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो. तो घटला की रक्तात ऑक्सिजन असूनही ऊतींना मिळत नाही. गोंधळलेपणा, झटके आणि कधी मृत्यू. १९८१ मध्ये वाइन्सियर आणि क्रुमडिएक या अमेरिकन डॉक्टरांनी शिरेतून अति उत्साहाने पोषण दिल्यामुळे दगावलेल्या दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हा रुग्णालये सावध झाली.

फॉस्फेट कमी होण्याची इतरही कारणे आहेत. दीर्घकाळ मद्यपान, मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत दिलेले इन्शुलिन, ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशकांचा अतिवापर, ड जीवनसत्त्वाची उणीव, आणि मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाण्याचे काही आनुवंशिक विकार. ही उणीव वर्षानुवर्षे राहिली तर मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे मऊ पडतात.

उपाय सोपा, पण संयमाचा आहे. धोका मोठा असेल तर दिवसाला दर किलो वजनामागे १० किलोकॅलरी किंवा त्याहूनही कमी अन्नाने सुरुवात करायची, आधी ब-१ जीवनसत्त्व द्यायचे, रोज रक्त तपासायचे, आणि लागेल तसे फॉस्फेट द्यायचे. तीव्र कुपोषित बालकांना जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार आधी कमी ऊर्जेचे दूधमिश्रण देतात, ते याच विचाराने.

इथे एक खुलासा करायला हवा. एकादशीच्या उपासाने असे काही होत नाही. धोका असतो तो कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्यांना आणि फार खंगलेल्यांना. लांबलेल्या आजारानंतर आजी पेज देते, ती थोडी थोडी. त्यातला 'थोडी थोडी' हा भाग आम्हाला शास्त्रीय वाटतो. पेज मात्र पिष्टमयच, तिच्यात फॉस्फेट फारसे नाही. दुधात ते भरपूर असते.

खताच्या पोत्याचा धडा शिकवताना मुलांना एवढे जरूर सांगावे : रोप असो वा माणूस, ऊर्जा वापरायची तर स्फुरद हवाच. आणि भुकेल्याला अन्न देताना दयेच्या जोडीला मोजमापही हवे.