सगळी मुलं पळतील असा तास

शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या बहुतेक मुला-मुलींनी मैदानावर काहीतरी करून दाखवलेलं असतं. कुणी जिल्ह्याच्या कबड्डी संघातून खेळलेलं असतं, कुणी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आठशे मीटर धावलेलं. नियमच तसा आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी आधीच्या पदवीला किमान ४५ ते ५० टक्के गुण लागतात आणि सोबत बहुतेकांना खेळातल्या सहभागाची नोंदही लागते. महाराष्ट्रातल्या सीईटीत लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणी होते. हे योग्यच आहे. ज्याला चेंडू अडवता येत नाही, त्याने चेंडू अडवायला शिकवू नये.

पण या निवडीतून एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्यांना पळणं लहानपणापासून सहज जमलं, त्यांनाच पुढे पळायला नको म्हणणाऱ्या मुलांना शिकवायचं असतं. साठ मुलांच्या वर्गात त्यांच्यासारखी मुलं चार-पाच भेटतात. ती शिट्टी वाजायच्या आधीच मैदानात उतरलेली असतात, त्यांना सरांची फारशी गरजही नसते. उरलेल्या पंचावन्न मुलांना हालतं कसं करायचं, हेच होणाऱ्या शिक्षकाने शिकायचं आहे. खेळाडूला शिक्षक करायला विद्यापीठाला दोन वर्षं मिळतात, ती याच कामी लागायला हवीत.

२०१४ पूर्वी हा अभ्यासक्रम एकाच वर्षाचा होता. आता चार सत्रं आहेत आणि त्यांत बरंच काही बसवलेलं आहे: शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, आरोग्य शिक्षण, योग, क्रीडा प्रशिक्षण, क्रीडा मानसशास्त्र, जीवयांत्रिकी, मापन आणि मूल्यमापन, क्रीडा वैद्यक, पंचगिरी. शिवाय मैदानावरचे खेळ आणि सराव पाठ. कागदावर यात उणं काढावं असं फारसं नाही. मला काळजी वाटते ती सराव पाठांची.

सुरुवातीचे सराव पाठ महाविद्यालयातच होतात. समोर विद्यार्थी म्हणून उभे असतात सोबतचेच छात्राध्यापक. त्यांना ‘सावधान’ म्हटलं की टाचा एका क्षणात जुळतात. प्रात्यक्षिक एकदा दाखवलं की कृती बिनचूक होते. पाठ टाचणात लिहिल्याप्रमाणे उत्तेजक व्यायाम, मुख्य भाग, शिथिलीकरण असं सगळं ठरल्या मिनिटाला संपतं. मग तोच छात्राध्यापक तेच टाचण घेऊन सराव शाळेत सातवीच्या वर्गासमोर जातो आणि पहिल्या पाच मिनिटांतच टाचण निकामी होतं. दोघी जणी पोटात दुखतंय म्हणून झाडाखाली बसलेल्या, चौघे चप्पल घालून आलेले, एकाची मागच्याशी मारामारी चाललेली, आणि चेंडू एकच. या पंधरा-वीस मिनिटांच्या गोंधळात छात्राध्यापक जेवढं शिकतो, तेवढं तो पूर्ण सत्रात शिकलेला नसतो. त्याच वेळी त्याच्या शेजारी त्याला समजावणारं जाणतं माणूस हवं. पाठाचं निरीक्षण जर सही आणि शेरा एवढ्यावरच उरकलं, तर तो त्या दिवशी एकच गोष्ट शिकतो: आवाज चढवायचा.

या आवाज चढवण्यामागे, म्हणजे आज्ञेवर तास चालवण्यामागे, मोठा इतिहास आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मद्रासमध्ये हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार असताना १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था आली. तिथले प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरला सुरू झालेल्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. पुण्यात शिवरामपंत दामल्यांच्या महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ मध्ये चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय उभं केलं. या संस्थांतून शिकून गेलेल्या शिक्षकांनी महाराष्ट्राच्या शाळांना लेझीम दिली, मल्लखांब दिला, खो-खोची मैदानं आखून दिली. यातल्या पहिल्या संस्था निघाल्या तेव्हा परतंत्र देशातला तरुण सशक्त आणि शिस्तीचा व्हावा ही त्या काळाची ओढ होती, आणि एकाच आज्ञेवर शंभर हात वर जाणारी कवायत त्या ओढीला शोभणारीच होती. ते ऋण मान्य करूनच म्हणायला हवं की आज्ञा पद्धत ही शिकवण्याच्या अनेक पद्धतींपैकी एक आहे. मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्येच शारीरिक शिक्षणाच्या पद्धतींची एक मालिका मांडली. तिच्या एका टोकाला शिक्षकाची आज्ञा आहे, तर दुसऱ्या टोकाकडे जाताना विद्यार्थी स्वतः उत्तर शोधू लागतो. हे नाव आपल्या छात्राध्यापकांना परीक्षेपुरतं माहीत असतं. मैदानावर मात्र त्यातली पहिलीच पद्धत उतरते.

एक साधा हिशेब करून बघा. पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुलं, लांब उडीचा एक खड्डा. प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तरी सगळ्यांची एकेक उडी व्हायला तीस मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येक मूल काही सेकंद हललं आणि बाकी पूर्ण तास रांगेत उभं राहिलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय शिस्तीत तास चाललाय! हीच मुलं दहा-दहाच्या सहा गटांत वाटली, एका गटाला खड्डा, दुसऱ्याला दोऱ्या, तिसऱ्याला जुने टायर, चौथ्याला रिंग, पाचव्याला लंगडी आणि सहाव्याला लगोरी दिली, आणि पाच-पाच मिनिटांनी जागा बदलल्या, तर तेवढ्याच वेळात सगळी घामाघूम होतात. यासाठी लागणारा खर्च नगण्य आहे. लागतं ते आदल्या दिवशीचं नियोजन, फक्कीने आधी मारून ठेवलेल्या रेघा आणि सहा ठिकाणी एकाच वेळी नजर ठेवायची सवय. ही सवय अंगी यायला पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं.

खेळ कोणता निवडायचा, यातही शिक्षणशास्त्र आहे. संगीत खुर्चीत जे मूल सगळ्यात हळू, ते सगळ्यात आधी बाद होतं आणि उरलेला वेळ कडेला उभं राहतं. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी सराव येतो. आता आपल्या गल्लीबोळातला विष-अमृत घ्या. ज्याच्यावर राज्य, त्याने ‘विष’ दिलं की मूल जागीच थांबतं. सवंगडी येऊन ‘अमृत’ देतो आणि ते पुन्हा पळू लागतं. इथे कुणी कायमचं बाद होत नाही, हळू पळणाऱ्यालाही कुणीतरी सोडवायला येतं आणि तोही दुसऱ्याला सोडवू शकतो. महाविद्यालयांनी छात्राध्यापकांकडून असे पन्नास खेळ गोळा करून घ्यावेत आणि प्रत्येकात बाद झालेल्या मुलाचं पुढे काय होतं, हे लिहून घ्यावं, असं मला फार वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल करायला हवी. संघटनेच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जगातल्या ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के मुलांची एवढी हालचाल होत नाही. ज्या मुलांच्या घराभोवती मैदान नाही, त्यांच्यासाठी पी.टी.चा तास हाच दिवसातला पळण्याचा एकमेव वेळ असतो. तोच तास गणिताच्या सरांनी ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून मागून घेतला, तर नाही म्हणण्याचं बळही याच प्रशिक्षणातून यायला हवं.

दुसरी बाजू आरोग्याची. आपल्या शाळेत विषयाचं नावच ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ आहे, तरी महाविद्यालयात पहिला शब्द लेखी पेपरात राहतो आणि दुसरा मैदानावर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे नववी-दहावीच्या वर्गात जी मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकत बसते, तिला आळशी ठरवण्याआधी शिक्षकाने तिच्या पापण्यांच्या आतला रंग बघायला हवा, लोहाच्या गोळ्या ती घेते का हे विचारायला हवं. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट इथे शिकवायला जाणाऱ्याला सिकलसेल माहीतच हवा. या आजाराच्या मुलाला पाणी कमी पडलं किंवा अतिश्रम झाले तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याला खेळापासून तोडायचं नाही, पण पाणी प्यायची आणि थांबायची मोकळीक न मागता द्यायची. विदर्भातल्या एप्रिलमधला तास सकाळी लवकर घ्यायचा. उन्हाने कोसळलेल्या मुलाचं अंग आधी थंड करायचं. मुरगळलेला पाय चोळायचा नाही. निखळलेला खांदा ओढायचा नाही. हे सगळं क्रीडा वैद्यकाच्या पुस्तकात असतं, पण घंटा वाजत असताना आणि भोवती मुलं जमलेली असताना ते हातून व्हायला प्रत्यक्ष सराव लागतो.

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमायचे आहेत. त्यांच्या अकरा विषयांत पोषण आहे, मानसिक आरोग्य आहे, व्यसनं, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून संरक्षण, समाजमाध्यमांचा सुरक्षित वापर आहे. मुलं या गोष्टी ज्याच्याशी बोलू शकतील, असा माणूस बहुतेक शाळांत मैदानावरच भेटतो. तिथे बाक नसतो, वही नसते, मूल मोकळं असतं. म्हणून छात्राध्यापकाला कठीण विषयावर बोलायचा आणि त्याहून अधिक ऐकायचा सराव हवा.

फिनलंडमध्ये युवास्कुला विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार होतात. पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षं लागतात, आणि सराव पाठ विद्यापीठाच्याच शाळेत होतात. तिथे पाठ बघणारे शिक्षक त्या शाळेत रोज शिकवतात. आरोग्य शिक्षण हा तिथल्या शाळांत २००१ च्या कायद्याने स्वतंत्र विषय झाला आणि शालान्त परीक्षेलाही घेता येऊ लागला. पाच वर्षं आपल्याला लगेच परवडणार नाहीत. पण महाविद्यालयाने दोन-तीन शाळांशी वर्षानुवर्षांचं नातं जोडायला आणि तिथल्या एका अनुभवी शिक्षकाला छात्राध्यापकाचा मार्गदर्शक म्हणून मान द्यायला नवा कायदा लागत नाही.

शिक्षेचा विषय इथेच घ्यायला हवा. गृहपाठ केला नाही, मार मैदानाला दोन फेऱ्या. उशीर झाला, काढ उठाबशा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई आहे, हे तर आहेच. पण शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हे करणं मला अधिक लागतं, कारण ज्या कृतीची गोडी लावायची तीच तो शिक्षा म्हणून वापरतो. या एका सवयीवर महाविद्यालयाने पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलावं.

नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शिकणाऱ्यांच्या मनात तेच असतं. शिक्षण हक्क कायद्याच्याच अनुसूचीनुसार, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असली तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. लहान शाळांची मुलं यातून सुटतात आणि मोठ्या शाळांच्या वाट्याला अर्धवेळ माणूस येतो. प्रशिक्षण कितीही चांगलं झालं, तरी हे दुखणं महाविद्यालय बरं करू शकत नाही. ते शासनाचं काम आहे.

महाविद्यालयाच्या हातात मात्र सराव पाठाचे गुण आहेत. अमेरिकेत थॉम मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये पाठ निरीक्षणाची एक पद्धत मांडली. निरीक्षक एक मूल निवडतो, दहा सेकंद त्याला बघतो, पुढच्या दहा सेकंदांत ते उभं होतं, चालत होतं की पळत होतं हे नोंदवतो, आणि काही मिनिटांनी दुसऱ्या मुलाकडे वळतो. तासाचा निदान अर्धा वेळ मुलांची मध्यम ते जोमदार हालचाल व्हावी, हे तिथे धरलेलं उद्दिष्ट. यासाठी घड्याळ, कागद आणि पेन्सिल पुरते. आपल्या निरीक्षण तक्त्यात छात्राध्यापकाचा पोशाख, आवाज, आज्ञेची स्पष्टता आणि टाचण यांना गुण असतात, ते राहू द्यावेत. त्याखाली आणखी एक रकाना वाढवावा आणि त्यासाठी निरीक्षकाने वर्गातलं सगळ्यात पुढचं मूल सोडून कडेला उभं असलेलं मूल निवडावं.