अपुऱ्या दिवसांचे मूल आणि बुद्धीचा प्रश्न

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, अशी एक समजूत आपल्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. नवी मुंबईत तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या झोपडपट्टीतही ती कानावर येते. विज्ञान नेमके उलट सांगते. मूल पूर्ण दिवसांपर्यंत जितके अधिक आठवडे पोटात राहील, तितकी ते जगण्याची व निकोप वाढण्याची शक्यता अधिक. या समजुतीच्या शेजारी आणखी एक समजूत नांदते. ती शाळेत, फळ्यासमोर उच्चारली जाते: 'या पोरांना डोकेच नसते.' पहिली समजूत अज्ञानातून आली. दुसरी व्यवस्थेच्या सोयीची आहे. दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे.

पूर्ण दिवसांचे बाळंतपण ३७ ते ४२ आठवड्यांचे. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे मूल. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतात, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा अधिक.

गर्भारपणाचे शेवटचे तीन महिने हे मेंदूच्या बांधणीचे महिने होत. २४व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. त्यावरच्या वळ्या पुढे पडत जातात. ३४व्या आठवड्यातदेखील मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असते. मेंदूतल्या पोकळ्यांलगत नव्या पेशी घडवणारा एक थर असतो, आणि त्यातल्या रक्तवाहिन्या अगदी कच्च्या असतात. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचा रक्तदाब खालीवर झाला तर त्या फुटून रक्तस्राव होऊ शकतो, बहुधा पहिल्या तीन दिवसांतच. दुसरा धोका मज्जातंतूंना असतो. विजेच्या तारेवर असते तसे वेष्टण या तंतूंवर चढते, म्हणून संदेश वेगाने जातो. वेष्टण चढवणाऱ्या पेशी या काळात अपक्व असतात. प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला, की त्या मरतात वा त्यांची वाढ खुंटते. काही मुलांत याचे परिणाम पुढे दिसतात: हातापायांत ताठरपणा, उशिरा बोलणे, लक्ष न टिकणे, गणितात अडखळणे.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचा धंदा या देशात फार जुना आहे. जातीच्या जागी आठवडे मोजून तोच धंदा नव्याने करायचा नाही. अपुऱ्या दिवसांची बहुसंख्य मुले, विशेषतः ३२ आठवड्यांनंतर जन्मलेली, पुढे इतरांसारखीच शिकतात. पहिल्या काही वर्षांत मेंदू लवचिक असतो. ऊब, दूध, स्पर्श आणि बोलणे यांनी तो घडत राहतो. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली, उबदार पेट्या अपुऱ्या पडत होत्या तेव्हा, डॉक्टरांनी ही बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. अशा काही मुलांची वीस वर्षांनी झालेली तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांची वागणूक अधिक स्थिर आढळली आणि त्यांच्या मेंदूच्या काही भागांचे आकारमानही अधिक भरले. आपल्याकडे शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घेण्यास शिकवले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. उपाय आहेत. ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचतात, हा खरा प्रश्न आहे.

मूल अपुऱ्या दिवसांत का जन्मते? अनेकदा कारण सापडत नाही, आणि सुखवस्तू घरांतही हे घडते. पण जंतुसंसर्ग, उच्च रक्तदाब, रक्तक्षय, कोवळ्या वयातले गर्भारपण, लागोपाठची बाळंतपणे, तासन् तास उभ्याने काम आणि जड ओझी यांचा संबंध वारंवार दिसून आला आहे. ही यादी कोणाच्या आयुष्याचे वर्णन आहे? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि हे शहर उभे राहू लागले. त्याची खडी फोडणाऱ्या, घमेली वाहणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या बायांमध्ये आपल्या आया-बहिणी होत्या आणि आहेत. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला सातव्या महिन्यात विश्रांती कोण देणार? खाडा झाला की मजुरी बुडते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मातेची विश्रांती राष्ट्राच्या हिताची ठरवली, आणि तिच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा असे मांडले. १९२९ साली कायदा झाला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. पण दहाहून कमी माणसांच्या आस्थापनेत, नाक्यावर आणि घरकामात ती पोहोचत नाही. आईची बुडालेली विश्रांती मुलाच्या मेंदूच्या खाती जमा होऊ शकते आणि पुढे तीच 'गुणवत्तेचा अभाव' म्हणून वाचली जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गरोदर बाईच्या विश्रांतीची मागणी मजुरीच्या मागणीइतकीच नेटाने मांडावी. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावेत; उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. पहिली दोन वर्षे त्याची प्रगती जन्मतारखेवरून न मोजता, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेवरून मोजावी. वाढ मागे पडली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय २०१३ पासून आहे. तिचा हक्काने वापर करावा. आणि शिक्षकांनी 'याला डोके नाही' म्हणण्यापूर्वी त्या मुलाच्या आईला दोन प्रश्न विचारावेत: हा कितव्या महिन्यात जन्मला, आणि तेव्हा तुम्ही कोणते काम करत होता?