चौऱ्याऐंशी टंच

एप्रिल २०२५मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं आणि कोल्हापूरच्या गुजरीत खरेदीइतकीच गर्दी मोड घालणाऱ्यांची दिसू लागली. हे मोडीचं सोनं जातं कुठे, ते बघायला मी मागच्या बोळातल्या गलाईच्या दुकानात गेले. तिथले तात्या मूळचे खानापूर तालुक्यातले. दुष्काळामुळे विटा-आटपाडीकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यांतलंच त्यांचं एक.

एक बाई सासूबाईंच्या पाटल्या घेऊन बसल्या होत्या. वजन तीन तोळे. तात्यांनी त्या चेपून मुशीत टाकल्या, चिमूटभर सवागी सोडली आणि ज्योत धरली. बघता बघता नक्षी गेली, पेच गेले, मुशीत पिवळाधमक रस फिरू लागला. लगड निवल्यावर मशिनवर टंचाचा, म्हणजे शेकडा शुद्धतेचा, आकडा उमटला : चौऱ्याऐंशी.

"बावीस कॅरेटचं म्हणून घेतलेलं हो," बाई म्हणाल्या.

"ताई, जुना माल. सांध्यांना डाक लई असतो. चौऱ्याऐंशीच निघनार."

बावीस कॅरेटला ९१.६ हवेत. म्हणजे तीन तोळ्यांत चोख सोनं साडेसत्तावीस ग्रॅमच्या जागी २५.२ ग्रॅम. लाखाच्या भावाने बावीस हजारांवर तूट, आणि मजुरी गेली ती वेगळीच. बाई उठेपर्यंत "चौऱ्याऐंशीच?" एवढंच विचारत होत्या.

मग सराफाकडून आलेल्या मोडीत चांदी मिसळून ती तेजाबात चढली. नारिंगी धूर उठला. तात्यांच्या तोंडाला नुसता टॉवेल. चांदी तेजाबात विरघळते आणि सोनं तळाशी तपकिरी मातीसारखं उरतं. ते धुऊन आटवलं की चोख. पण तो घशात रुतणारा वास माझ्या नाकातून अजून जात नाही, आणि तात्या तर आयुष्यभर त्यातच श्वास घेत आले आहेत.

त्या बाईंची तूट खरी, तरी अडचणीत सोनं धावून येतं, यात शंका नाही. १९९१मध्ये आपल्या देशानेही सुमारे ४७ टन सोनं गहाण टाकून वेळ निभावली. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरसाल हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. पण त्या घेतात विटा. मजुरी, डाक, खडे यांवर पैसा घालत नाहीत.

हौसेला दागिना जरूर करा. अडीअडचणीसाठी घेणार असाल, तर पक्क्या पावतीचं चोख वेढणं किंवा नाणं घ्या. आणि आजीच्या पाटल्यांवर हिशेब मांडण्याआधी त्यांचा कस तपासून घ्या. हॉलमार्किंग केंद्रात थोड्या शुल्कात ते काम होतं.